साडेतीन वाजताचे दोन काटे

तपकिरी कोटाचं बटण, चार भोकांचं.

गच्चीवर एकशे सहा चादरी, सगळ्या पांढऱ्या.

फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीमागे, तीन गारा.

"वर असतील त्या."

पुढच्या रांगेत शेजारी शेजारी दोन खुर्च्या.

माझ्या पोटात काहीही नाही.

मित्रांनो, गोंधळलात ना? चूक माझी आहे. मी एक जुना वायुभारमापक आहे, आणि सरळ रेषेत सांगणं मला जमत नाही. माझं सगळं आयुष्य एका गोल तबकडीवर खाली-वर करण्यात गेलं. तरी प्रयत्न करतो. मध्ये मध्ये आकडे येतील. ते माझे श्वास समजा आणि पुढे चला.

१०१०

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पातळ पत्र्याची एक चपटी, गोल डबी म्हणजे माझं पोट. कारागीर त्या डबीतली हवा काढून घेतात आणि तिचं तोंड कायमचं बंद करतात. बाहेरची हवा जड झाली की डबी दबते, हलकी झाली की फुगते, आणि तेवढ्याने माझा काटा हलतो. आतून रिकामं असल्याशिवाय बाहेरचं ओझं कळत नाही. हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही. माझी घडणच तशी आहे.

डबीपासून काट्यापर्यंत केसासारखी बारीक साखळी असते. ती एका बाईने बसवली. साखळी बसेपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता. मग तिने श्वास सोडला, माझ्या काचेवर वाफ धरली, तिने ती बाहीने पुसली आणि पुढचा मापक हातात घेतला. तिचा चेहरा मला आठवत नाही. बाही आठवते.

माझ्या तबकडीवर बारीक रेघा आहेत. त्यांना मिलिबार म्हणतात, पण आपण रेघच म्हणू. आणि मला दोन काटे आहेत. काळा काटा माझा. तो हवा हलवते. पितळी काटा तुमचा. तो काचेच्या मधोमध असलेल्या पितळी बोंडाने माणूस फिरवतो. सकाळी पितळी काटा काळ्यावर आणून ठेवायचा आणि कामाला लागायचं. दुपारी येऊन बघायचं: काळा किती सरकला? पितळी तिथेच असतो. माणसाने हात लावल्याशिवाय तो हलत नाही, मग वर्ष जावो की दहा वर्षं.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यात जे झालं ते याच्यामुळे झालं.

१००८

पहिली बावीस वर्षं मी बंदरातल्या एका कचेरीत भिंतीवर होतो. बोटींवरचे लोक जाता-येता मला टिचकी मारायचे. मारावीच लागते, काटा कधी कधी अडून राहतो, टिचकीने मोकळा होतो. त्या बावीस वर्षांत हजारो बोटांनी मला टिचकी मारली, पण एकानेही मला "काय म्हणतोस?" असं विचारलं नाही. मग कचेरीत पडदे आले, त्यांवर रंगीत ढग फिरू लागले, आणि मी एका खोक्यात गेलो.

भंगारवाल्याला मी घड्याळ वाटलो. "बंद आहे, पण भिंतीला शोभेल," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. तीन महिने मी एका फुटक्या मिक्सरशेजारी पडून होतो. मग एक दिवस एक बाई थांबल्या. हात लालसर, बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली. त्यांनी वाकून माझ्या काचेवर बोटाच्या पेराने हलकेच टकटक केलं. माझा काटा अर्धी रेघ सरकला.

"हे घड्याळ नाही," त्या म्हणाल्या.

"मग काय आहे?"

"ते मी बघते. काय घ्याल?"

भंगारवाल्याने त्यांच्या हातांकडे पाहिलं. "तुमची ती कोपऱ्यावरची लॉन्ड्री ना? दोन पँटी इस्त्री करून द्या आणि घेऊन जा. कडक घडी पाहिजे हं."

अशा रीतीने दोन पँटींच्या घडीवर मी काकूंच्या घरी आलो. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची, म्हणून मीही म्हणतो.

१०१२

खाली लॉन्ड्री, वर दोन खोल्यांचं घर, त्यावर गच्ची. दुकानात कपड्यांना नंबराच्या चिंध्या बांधलेल्या असायच्या. इस्त्रीच्या टेबलावर एक जुना काळा डाग होता, इस्त्रीच्याच आकाराचा. त्या टेबलामागे, जिन्याच्या पायथ्याशी, मला खिळा मिळाला. खिडकी पूर्वेकडे. पश्चिमेला समोरच्या उंच इमारतीची पाठ. त्या बाजूचं आभाळ खालून दिसतच नसे. म्हणूनच मी हवा होतो. हॉटेलाच्या चादरी गच्चीवर वाळत घालायच्या; पाऊस पश्चिमेकडून यायचा, आणि डोक्यावर आल्याशिवाय कळायचा नाही.

सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, काकू माझ्यासमोर उभ्या राहायच्या. चष्मा लावायचा, टिचकी मारायची, आकडा वहीत लिहायचा, पितळी काटा फिरवायचा. दुपारी मात्र येता-जाता नुसती नजर टाकायच्या, बिनचष्म्याची. दोन काट्यांमधली फट तेवढी दिसली तरी पुरे. मी रोज दुपारी तीन रेघा खाली उतरतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही; हवेचा तो रोजचा डुलका आहे. काकूंना तो पहिल्याच महिन्यात कळला. "उतरला का झोपायला?" असं म्हणून त्या पुढे जायच्या.

मित्रांनो, बंदरातल्या बावीस वर्षांत माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं.

१००१

पहिलं मोठं वादळ आलं तेव्हा गच्चीवर एकशे सहा चादरी होत्या. दुपारी मी सहा रेघा उतरलो. काकूंनी ती फट पाहिली, हातातली इस्त्री उभी ठेवली आणि जिना चढल्या. अर्ध्या तासात सगळ्या चादरी खाली आल्या. शेवटची आली आणि वारा सुटला. समोरचा किराणावाला आपली उडालेली ताडपत्री धरायला धावता धावता ओरडला, "काकू, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"भिंतीने!" त्या वरून म्हणाल्या.

ती माझी पहिली शाबासकी. पण चादरी खाली आल्या तरी काकू खाली आल्या नाहीत. त्या वरच राहिल्या. पाऊण तासाने उतरल्या तेव्हा पार भिजलेल्या होत्या आणि चेहरा असा, जणू कोणीतरी खूप वर्षांनी त्यांना नावाने हाक मारली होती. काका टॉवेल घेऊन जिन्यात उभे होते.

"काय बघत होतीस एवढं?" काकांनी विचारलं.

"ढग होता. ऐरणीसारखा. वर सपाट, खाली काळा." त्या थांबल्या. "सांगता येत नाही हो."

"बरं," काका म्हणाले आणि टॉवेल पुढे केला.

काका म्हणजे त्यांचे यजमान. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात पंप चालवायचे. कमी बोलणारा माणूस. दिवसभर पंपांच्या आवाजात राहून त्यांना शांततेची फार गोडी लागली होती, आणि काकूंना नेमकी गडगडाटाची. त्या दिवसापासून काकूंचं मन वादळांवर बसलं ते बसलंच. वह्या वाढत गेल्या. ढग कुठून आला, वारा कधी फिरला, पहिली वीज आणि तिचा आवाज यांच्यामध्ये किती आकडे मोजून झाले, सगळं लिहायच्या. गारांचं माप त्यांनी स्वतःचं केलं होतं. लॉन्ड्रीत सुटलेल्या बटणांचा डबा असतो. तो घेऊन त्या गच्चीवर जायच्या. "आज शर्टाचं बटण." "आज बाहीचं." सगळ्यात मोठं तपकिरी कोटाचं, चार भोकांचं. त्या मापाची गार कधीच पडली नव्हती. काकू तिची वाट बघत होत्या.

वादळाची वाट बघणाऱ्या माणसाला सोबत मिळत नाही. हे मी भिंतीवरून पाहिलं. ज्यांची छपरं पत्र्याची, त्यांना राग यायचा. किराणावाला म्हणायचा, "काकू, आमचं नुकसान व्हावं म्हणून तुम्ही डोळे लावून बसता होय?" तो हसत म्हणायचा, पण म्हणायचा. नणंदेच्या वाढदिवसाला काकू जेवणाच्या टेबलावरून उठून तिच्या गच्चीवर गेल्या, तेव्हापासून नणंद "हवामान खातं आलं का?" असंच विचारायची. आणि काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशीचं तर काकांनीच किराणावाल्याला सांगितलं. मी ऐकत होतो.

"डोळ्यांवर पट्टी. नर्स विचारते, आजोबा, तुमच्याबरोबर कोण आहे? बाहेर हा गडगडाट चालू. मी म्हटलं, वर असतील त्या."

किराणावाला पोट धरून हसला. काकाही हसले. मग किराणावाला गेला आणि काका तिथेच उभे राहिले, इस्त्रीच्या काळ्या डागावर बोट फिरवत. हसू गेलेलं होतं.

१००७

आता मी त्या गुरुवारी येतो.

काका एकतीस वर्षांनी पंपघरातून निवृत्त होत होते. संध्याकाळी पाच वाजता निरोप समारंभ होता, पंपघरामागच्या हॉलमध्ये. आठवडाभर आधी काकांनी, कपड्यांना चिंध्या बांधता बांधता, मान वर न करता सांगितलं, "गुरुवारी पाचला आहे."

"माहीत आहे. येणार आहे ना मी."

"पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवल्यात. शेजारी शेजारी."

"बरं."

"म्हणजे, एक रिकामी दिसली तर बरं दिसत नाही."

"अहो, येणार म्हटलं ना!"

काका पुन्हा चिंध्या बांधू लागले. त्यांना एवढंच हवं होतं: एकतीस वर्षांनी चार लोक त्यांच्याबद्दल चार शब्द बोलत असताना शेजारची खुर्ची भरलेली असावी. मोठं काही नाही. पण माणसं मोठ्या गोष्टी मागतात आणि लहान मागायला लाजतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी १००७ वर होतो. काकूंनी पितळी काटा तिथे आणून ठेवला. दोन वाजता दुकान बंद केलं. काकू वर केस धुवायला गेल्या. आणि मी उतरू लागलो. पाच रेघा. सहा. माझी डबी फुगत होती. त्या पहिल्या वादळानंतर मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. पश्चिमेकडे, त्या इमारतीच्या पाठीमागे, काहीतरी उभं राहत होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

फक्त मला नाही. तीन वाजून गेल्यावर काका खाली आले. नवा शर्ट, त्याची घडी काकूंनीच घातलेली. ते जिन्याच्या पायथ्याशी थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. अठरा वर्षं त्यांनी काकूंचा चेहरा पाहून माझा आकडा ओळखला होता. आज त्यांनी फट पाहिली. सहा रेघांची. काकूंनी ती पाहिली की काय होईल, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

ते बराच वेळ उभे होते. वर पाण्याचा आवाज चालू होता. मग त्यांनी हात उचलला, पितळी बोंड चिमटीत धरलं आणि पितळी काटा हळूच खाली आणला, माझ्या काळ्या काट्यावर. बरोबर काळ्यावर. एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. पंपाचे व्हॉल्व्ह फिरवणारा हात होता तो. अंदाज चुकायचा नाही.

मी ओरडू शकलो नाही. माझा काळा काटा खरं दाखवत होता, त्याहून जास्त माझ्या हातात काही नाही.

साडेतीनला काकू उतरल्या. तोंडात केसांचे आकडे, चष्मा वरच राहिलेला. जाता जाता टिचकी मारली. पाहिलं. दोन्ही काटे एकावर एक.

त्या थांबल्या. फार नाही, एक आकडा तोंडातून काढून केसात खोचायला लागतो तेवढा वेळ.

"काय म्हणतोय?" काकांनी दाराजवळून विचारलं. आवाज जरा जास्तच सहज होता.

"काही नाही म्हणतोय," काकू म्हणाल्या. "चला."

९९९, मग एकदम १००३

वादळ पाच वाजून दहा मिनिटांनी आलं. मी ते बघितलं नाही, पण अंगावर घेतलं. आधी मी आणखी खाली गेलो, आणि मग गार हवेचा लोट आला तसा एका उडीत चार रेघा वर. दुकानाच्या शटरवर कोणीतरी मूठभर दगड फेकल्यासारखा आवाज सुरू झाला. मूठभराचे घमेलंभर झाले. समोरच्या इमारतीच्या काचा फुटल्याचं ऐकू आलं. खोलीत मी एकटा होतो. अठरा वर्षं ज्या वादळाची वाट पाहिली, ते आमच्या गच्चीवर येऊन नाचून गेलं आणि ते लिहून घ्यायला कोणी नव्हतं.

साडेसातला दोघे परतले. काकांच्या हातात भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ होतं. गल्लीत घोट्याएवढा बर्फ होता म्हणे. सगळे बाहेर आलेले, आणि सगळ्यांना काकूंनाच सांगायचं होतं.

"काकू, कुठे होतात तुम्ही? लिंबाएवढी गार! माझ्या दुकानाचा बोर्ड गेला!" किराणावाल्याचा आवाज शटरपलीकडूनही स्पष्ट होता. "एवढी वर्षं आम्हाला सांगत होतात, आणि आज नेमक्या तुम्हीच नाही? थांबा, तुमच्यासाठी ठेवल्यात. फ्रीजमध्ये, मटारमागे."

त्याने वाटीतून तीन गारा आणून दिल्या. काकूंनी दिवा लावला, बटणांचा डबा काढला आणि कोटाचं बटण गारेवर धरलं. गार बटणाच्या चहूबाजूंनी बाहेर आली. काकूंनी वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं, "बटणात बसत नाही." त्यापुढे काहीच लिहिलं नाही. गारा वाटीत विरघळेपर्यंत त्या तिथेच बसल्या. काका जिन्यात उभे होते. आज कोणी भिजलेलं नव्हतं, त्यामुळे हातात टॉवेल नव्हता, आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

त्यानंतर आठ दिवस काकूंनी आकडे लिहिले. पण माझ्याशी बोलल्या नाहीत. पितळी काट्याला त्यांनी हातच लावला नाही. नवव्या दिवशी मला खिळ्यावरून उतरवलं, कोणीतरी न नेलेल्या एका टॉवेलात गुंडाळलं आणि न नेलेल्या कपड्यांच्या कपाटात ठेवलं. माझ्या खिळ्यावर काकांचं घड्याळ लागलं.

मित्रांनो, मी खोटारडा ठरलो होतो. निदान मला तसं वाटलं.

१००९. कोणी नाही.

१००५. कोणी नाही.

१०११. बाहेर कोणीतरी शिंकलं.

१००२. हे मोठं होतं. कोणी नाही.

कपाटात अंधार असतो, पण हवा कपाटाच्या दाराला जुमानत नाही. ती आत येते, डबी दाबते, सोडते. मी काम करत राहिलो. तीन वर्षं काळा काटा खाली-वर होत राहिला आणि ते पाहणारं एकही माणूस नव्हतं. न वाचलेला आकडा म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? तुम्ही वर्गात बरोबर उत्तर देता आणि वर्ग रिकामा असतो, तसं काहीतरी.

सकाळी आठ वाजता पावलं यायची. काकूंचीच. भिंतीपाशी थांबायची. मग घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची, आणि पावलं परत जायची. रोज. संध्याकाळी आठलाही.

१००६

एक दिवस सकाळी दुकानात एक गृहस्थ आले. हातात पिवळी पडलेली पावती.

"माझा कोट राहिलाय. तपकिरी."

"कधीचा?" काकांनी विचारलं. ते आता दुकानातच असत.

"झाली असतील पाच वर्षं. मी परदेशात होतो हो."

"पाच वर्षं?" काकू इस्त्री चालवत म्हणाल्या. "थंडी वाजली नाही का मध्ये?"

काकांनी कपाट उघडलं. कोट काढता काढता टॉवेल घसरला आणि मी उजेडात आलो. काका माझ्याकडे बघत राहिले. काळा काटा १००६ वर होता. पितळी काटा १००१ वर. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या चिमटीने जिथे सोडला होता, तिथेच.

त्यांनी कोट खुर्चीवर टाकला, मला दोन्ही हातांत धरलं आणि इस्त्रीच्या टेबलापाशी नेलं.

"अगं," ते म्हणाले, "हा पितळेचा काटा. त्या दिवशी मी फिरवला होता."

काकूंनी इस्त्री थांबवली नाही. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अहो, दुपारी साडेतीनला दोन्ही काटे एकावर एक? असं कधी होतं का? तीन रेघा तर तो रोजच उतरतो. अठरा वर्षं बघितलं मी. तुम्हाला फसवायचंच होतं तर पितळी तीन रेघा वर ठेवायचा होता. मग मी फसले असते."

"मला ते कुठे माहीत!"

"तेच तर. ज्याला माहीत नाही त्याचाच हात लागलाय, एवढं मला कळलं. घरात दोघंच होतो."

"या कोटाचं एक बटण कुठे गेलं?" ते गृहस्थ म्हणाले.

"लावून देते. पाच वर्षं थांबलात, पाच मिनिटं थांबा."

काका मला धरूनच उभे होते. माझी काच त्यांच्या श्वासाने धुरकट झाली. "म्हणजे वादळ येतंय हे तुला माहीत होतं?"

"काहीतरी मोठं येतंय, एवढं कळलं. तुम्ही घाबरून काटा फिरवलात म्हणजे फट मोठीच असणार."

"मग आलीस कशाला?"

इस्त्री थांबली. काकूंनी ती उभी केली आणि हात पुसले.

"तुम्ही कधी काही मागितलंत का हो? इतक्या वर्षांत? पहिल्यांदा काहीतरी पाहिजे होतं तुम्हाला, आणि तेही तोंडाने मागता येईना, भिंतीशी जाऊन काटा फिरवून आलात. म्हटलं, चला. आज जाऊ या."

"आणि मग याला कपाटात का घातलंस?"

"त्याच्यासमोरून जाताना तुम्ही मान खाली घालायचात. आठ दिवस बघितलं मी. घरातल्या घरात कोणी चोरासारखं चालू नये."

 त्या गृहस्थांनी पावती हळूच खिशात ठेवली, जणू तिचा आवाज होईल.

"तुझं वादळ गेलं पण," काका म्हणाले.

"गेलं," काकू म्हणाल्या. त्यांनी नाही म्हटलं नाही, असू दे म्हटलं नाही. "तसं परत येणार नाही. मी रोज आठवण काढते त्याची, न बघितलेल्याची. ते मात्र तुम्हाला सांगून काही उपयोग नव्हता."

मग त्यांनी बटणांचा डबा उघडला, सुईत दोरा ओवला आणि कोट मांडीवर घेतला. मला त्याच दिवशी खिळा परत मिळाला. घड्याळ शेजारच्या भिंतीवर गेलं.

म्हणजे तीन वर्षं मला कोणी खोटारडा मानलंच नव्हतं. काकूंनी मला बरोबर वाचलं होतं, पितळी काट्यासकट. चूक माझीच होती. अंधारात बसून मी भलतंच वाचत होतो.

१००४

काकूंचे गुडघे आता गच्चीवर जाऊ देत नाहीत. वादळ आलं की त्या माझ्याखाली खुर्ची घेऊन बसतात आणि काका वर जातात. वरून ओरडून सांगतात.

"मोठा आहे!"

"मोठा म्हणजे किती? आकार सांगा! वर सपाट आहे का?"

"काळा आहे!"

"अहो, काळा तर असणारच! वारा कुठून?"

"तोंडावर येतोय!"

"तुमचं तोंड कुठे आहे ते मला कसं कळणार?"

काकू कपाळाला हात लावतात आणि वहीत लिहितात, "काळा. मोठा." एवढंच. पूर्वी एका वादळाला चार पानं लागायची. कधी कधी त्या पेन खाली ठेवतात आणि पूर्वेच्या खिडकीकडे बघत राहतात. तिथे काही नसतं. काका वर एकटे भिजत असतात आणि त्यांना काय बघायचं ते कळत नसतं. काकू खाली एकट्या कोरड्या असतात आणि त्यांना सगळं कळत असतं. मी मध्ये लटकलेला.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं काहीतरी असेल, भिंतीवर किंवा कपाटात. त्याला आठवड्यातून एकदा मऊ फडक्याने पुसा. उन्हात टांगू नका. टिचकी मारायची तर हलकी, पेराने मारा. आणि घरातल्या माणसाकडून तुम्हाला काही हवं असेल, तर काट्याला हात लावू नका. त्याच्यासमोर जाऊन तोंडाने मागा. नाही म्हणेल, रागावेल, गच्चीवर निघून जाईल. तरी मागा. आम्ही यंत्रं फार तर हवेचं ओझं सांगू शकतो.

काका पुढे एकदा किराणावाल्याला सांगत होते ते मी ऐकलं: निरोप समारंभाच्या हॉलला पश्चिमेकडे मोठी खिडकी होती, आणि काकूंनी स्वतःहून आपली खुर्ची तिच्याकडे पाठ होईल अशी वळवून घेतली होती.